पाय कापला की आजार संपतो का?

प्रश्न : माझा मुलगा 15 वर्षांचा आहे. गुडघ्याच्या वर सूज आली, तपासणीत ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग, निघाला. छातीच्या स्कॅनमध्ये काही नाही. डॉक्टर म्हणतात आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो. सासरे म्हणतात, केमोनं पोर खंगून जाईल, त्यापेक्षा पाय काढून मोकळे व्हा. माझा मुलगा वाचेल का?
– एक आई, बीड जिल्हा

उत्तर : ताई, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. आजार पायापुरताच असेल आणि उपचार पूर्ण झाले, तर अशा दर 10 मुलांपैकी 6 ते 7 जण पाच वर्षांनंतरही आपल्यात असतात. फुप्फुसात गाठी दिसल्या असत्या, तर 2 ते 3 म्हणावं लागलं असतं. म्हणून तो स्वच्छ स्कॅन फार मोलाचा आहे.

सासरे मायेपोटी बोलताहेत. त्यांना एवढं सांगा की 1970च्या आधी जगभर हेच करत. पाय काढत, तरीही बहुतेक मुलं पुढे फुप्फुसातल्या गाठींनी जात. बहुतेक मुलांत गाठ सापडते तेव्हाच तिच्या पेशी रक्तातून फुप्फुसात गेलेल्या असतात, स्कॅनला दिसणारही नाहीत इतक्या बारीक. तिथं औषधच पोचतं. 1986 साली अमेरिकेतल्या एका चाचणीचा निकाल आला. नुसतं ऑपरेशन झालेल्यांपैकी 17 टक्के रुग्णांना दोन वर्षांत आजार उलटला नव्हता. ऑपरेशननंतर केमो घेतलेल्यांमध्ये 66 टक्के.

आता पायाचं. आज बहुतेक मुलांचा पाय वाचतो, रोगट हाड काढून धातूचा सांधा बसवतात. गाठीनं मुख्य रक्तवाहिन्या वेढल्या असतील तर मात्र पाय काढणंच योग्य ठरू शकतं. काढलेलं हाड पॅथॉलॉजीत जातं. आधीच्या केमोनं 90 टक्क्यांहून जास्त गाठ मेलेली निघाली तर उत्तम. कमी निघाली आणि डॉक्टरांनी तीच औषधं चालू ठेवली, तर हलगर्जी समजू नका. औषधं वाढवून पाहिली गेली आहेत मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत. त्रास वाढला, फायदा दिसला नाही.

मला खरी भीती वाटते ती दोन-तीन केमोंनंतरची. दुखणं थांबतं, सूज उतरते, पोरगं जेवायला लागतं आणि घरचे म्हणतात, बरा झाला, चला गावी. अशी मुलं मी परत येताना पाहिली आहेत, छातीत गाठी घेऊन. तुम्ही असं करू नका. पैशांची अडचण असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवकांना आजच भेटा, महात्मा जोतिराव फुले योजनेचं विचारा, राहण्यासाठी धर्मशाळेचंही.

गुडघ्याला मालिश अजिबात नको, हाडवैद्याकडेही नेऊ नका. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात; ताप 100.4च्या वर गेला तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.