कलम केलेल्या मून कॅक्टसला लाल गोळ्याच्या खालून हिरवे फुटवे आले आहेत. काढावेत का?

हो, काढून टाका. ते गोळ्याचे नाहीत, खालच्या खुंटाचे आहेत. मून कॅक्टस म्हणजे एकावर एक बसवलेली दोन झाडं: वर हरितद्रव्य नसलेलं जिम्नोकॅलिशियम नावाचं कॅक्टस (तोच लाल गोळा), खाली बहुतेक वेळा ड्रॅगनफ्रूटच्या जातकुळीतला तिधारी खुंट. लाल गोळ्याला स्वतःचं अन्न तयार करता येत नाही, तो सगळा खुंटावर जगतो. खुंट मात्र जोमदार. काट्यांच्या बुडातून फुटतो आणि ताकद तिकडे वळते. फुटवा लहान असतानाच स्वच्छ ब्लेडने अगदी बुडाशी कापा (नुसता शेंडा खुडून भागत नाही, पुन्हा फुटतो) आणि जखम सुकेपर्यंत पाणी देऊ नका. गोळाच मऊ पडला किंवा वाळला असेल, तर मात्र फुटवा राहू द्या. जगण्यासारखं आता तेवढंच उरलेलं असतं.