‘लॉस्ट जनरेशन’ : हरवलेली की वाया गेलेली?

पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये जमलेल्या लेखकांवरच्या लेखाचं भाषांतर करताना ‘लॉस्ट जनरेशन’ला ‘हरवलेली पिढी’ म्हणावं का, असं तुम्ही विचारलंय. तोच शब्द रूढ आहे, पण मला तो कायम खटकत आलाय. आपल्याकडे छत्री हरवते, जत्रेत पोर हरवतं. हरवलेलं कुणीतरी शोधत असतं, ते सापडेल अशी आशा असते. मूळ बोलण्यात ती आशाच नाही.

अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वेनं सांगितलेली हकिकत अशी. पॅरिसमध्ये राहणाऱ्या अमेरिकन लेखिका गर्ट्रूड स्टाइन यांची जुनी फोर्ड गाडी दुरुस्तीला गेली होती. युद्धावरून परतलेल्या तिथल्या तरुण कामगाराच्या हातून काम नीट झालं नाही आणि गॅरेजमालक त्याच्यावर खेकसला : तुम्ही सगळे ‘जेनेरास्याँ पेर्द्यू’ (‘लॉस्ट जनरेशन’चं मूळ फ्रेंच रूप) आहात! स्टाइनबाईंनी तेच हेमिंग्वेला ऐकवलं आणि त्यानं ते १९२६च्या ‘द सन ऑल्सो रायझेस’ या आपल्या कादंबरीच्या आरंभी छापलं. हे वाक्य आपल्याकडच्या गॅरेजमालकाच्या तोंडी घालून बघा. ‘हरवलेली पिढी आहात’ असं तो पोराला कशाला म्हणेल? ‘वाया गेलात सगळे!’ असंच म्हणेल. ‘पेर्द्यू’मध्ये हा अर्थ आहेच, फुकट गेलेल्या वेळेलाही फ्रेंच माणूस तोच शब्द लावतो.

स्टाइनबाईंनी स्वतः १९३७मध्ये लिहिलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. तिच्यात हे बोलणारा फ्रान्समधल्या बेले गावचा हॉटेलमालक आहे. माणूस १८ ते २५ या वयात सुसंस्कृत होतो, १८व्या वर्षी लढायला गेलेल्यांचा तो काळच हुकला, असं त्याचं म्हणणं. वळण लागायचं वय म्हणतो ना आपण, तेच. ते खंदकात गेलं.

अडचण एकच. ‘वाया गेलेला’ म्हटलं की दोष पोराच्या माथी बसतो, आणि हेमिंग्वेला हा शिक्का झोंबलाच होता. म्हणून मालकाच्या किंवा स्टाइनबाईंच्या तोंडी ‘वाया गेलेली पिढी’ ठेवा. तुमच्या निवेदनात ‘युद्धानं वाया घालवलेली पिढी’ लिहा.

ब्रिटनविषयी मजकूर असेल तर मात्र थांबून बघा. तिकडे हाच शब्दप्रयोग बहुधा रणांगणावर मेलेल्या तरुणांसाठी येतो. तिथे ‘गमावलेली पिढी’च हवी.