माडीवरची पावलं

प्रश्न: आम्ही नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात राहतो. सासूबाईंना जाऊन सात महिने झाले. उन्हाळा लागल्यापासून रात्री दहानंतर माडीवर पावलं वाजतात. ती त्यांचीच, असं मामाजी (माझे सासरे) म्हणतात. दोनदा मामाजींना सासूबाई झोपाळ्यापाशी दिसल्याही. मी शंका काढली की मामाजी दुखावतात, गप्प बसले की नणंद मांत्रिक आणायचं म्हणते. आणि खरं सांगायचं तर आवाज मीही ऐकलाय. – एक सून

ताई, दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्या आहेत. आवाज हा वाड्याचा विषय, सासूबाई दिसणं हा मामाजींचा. तपासायचा तो फक्त आवाज.

चौदा रात्री नोंदी ठेवा. ज्याला आवाज येईल त्याने कुणाशी बोलण्याआधी आपल्या कागदावर लिहायचं: वेळ, खोली, किती ठोके, कूलर आणि पाण्याची मोटर चालू की बंद. सकाळी सगळे कागद वहीत चिकटवा. सगळे अंधारात एकत्र बसले आणि एकाने "ऐकलं का?" म्हटलं, की बाकीच्यांनाही ऐकू यायला लागतं. मग साक्षीदार पाच दिसतात, असतो एकच.

दोन मोबाइल रेकॉर्डिंगला लावा, एक माडीवर, एक खाली. सुरुवातीला जिन्याच्या मध्यावर एक टाळी वाजवा, म्हणजे दोन्हींच्या वेळा जुळवता येतील. दुसऱ्या रात्री मोबाइलची अदलाबदल करा, नाहीतर एकाचा माइक तेज असल्यानेच फसगत होते. ठोका वरच्या मोबाइलमध्ये जोरात असेल तर छप्पर बघा, खालच्यात असेल तर पाइप. मोटर बंद होताना पाणी उलट आदळतं आणि सैल पाइप भिंतीवर आपटतो.

माझा पहिला संशय छपरावर आहे. नागपूरच्या मे महिन्यात दिवसभर तापलेले टिनाचे पत्रे रात्री आक्रसतात, पण खिळ्यांनी जखडलेले असतात. ताण साठत जातो, एकदम सुटतो आणि टक् वाजतं. हे ठोके आधी भराभर येतात, रात्र चढेल तसे विरळ होतात. ढगाळ दिवसानंतर कमी येतात. माणसाची चाल अशी नसते.

जिन्यावर रांगोळीचा पातळ थर द्या. पीठ नको, उंदीर-मुंग्या येतात. पाच बोटांचा पंजा उमटला तर उदमांजर, चार बोटांचा तर साधं मांजर. भूत शोधणारी मोबाइल अ‍ॅप लावू नका. त्यातला चुंबकीय सेन्सर भिंतीतल्या वायरिंगने आणि लोखंडानेही हलतो.

चौदा रात्रींनंतर एखाद्या आवाजाचा उलगडा झाला नाही, तर "कारण सापडलं नाही" एवढंच लिहा. त्यातून भूतही सिद्ध होत नाही आणि मामाजी खोटेही ठरत नाहीत.

आता मामाजी. वेल्समधल्या डॉ. डेवी रीस यांनी 1971 साली 293 विधवा-विधुरांच्या मुलाखतींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचा असा काही अनुभव आला होता: बहुतेकांना तो जवळ असल्याचं जाणवलं होतं, काहींना तो दिसला वा ऐकू आला होता. बहुतेकांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मामाजींनी तुम्हाला सांगितलं, हा मोठा विश्वास आहे. "खरंच का?" असं विचारू नका. "आई कोणतं लुगडं नेसल्या होत्या?" असं विचारा आणि ऐकत बसा. मात्र अनोळखी माणसं दिसू लागली, दिवस-रात्रीचा गोंधळ झाला, किंवा नवीन गोळ्या सुरू केल्यावर हे वाढलं, तर डॉक्टरांकडे न्या. नजर कमी झाल्यानेही आकृत्या दिसतात, म्हणून डोळेही तपासून घ्या.

नणंदबाईंना दिवा लावू द्या, वर्षश्राद्ध मनासारखं करू द्या. मांत्रिकाला मात्र उंबरठ्याच्या आत घेऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं कैद. आणि अशा उपचारात सापडतील ते म्हातारे मामाजीच.

वही आजच आणा आणि पहिली नोंद त्यांना करायला सांगा. रात्री दहानंतर त्या घरात त्यांच्याइतकं जागं कुणी नसतं.