कृत्रिम क्षितिज आधी ओळखून घे

इंदूरहून रात्री विमान घेऊन निघालास की महूपलीकडे घाटात खाली दिवेच दिसत नाहीत. तिथे कान हमखास फसवतो: एकसारखं वळण चालू राहिलं, की १०-२० सेकंदांत आतल्या कानातला द्रव स्थिरावतो आणि विमान सरळ चाललंय असं वाटतं. अशा वेळी कृत्रिम क्षितिजावरच, म्हणजे विमानाचा कल दाखवणाऱ्या उपकरणावरच, विसंब. आपल्या सेसनात, म्हणजे या छोट्या विमानात, विमान उजवीकडे झुकलं की पडद्यावरची क्षितिजरेषा डावीकडे कलते. जुन्या रशियन विमानांत रेषा आडवीच राहते, विमानाची आकृती झुकते. मला ती मांडणी जास्त सहज वाटते, पण सवय स्वतःच्या विमानाचीच हवी. २००८ मध्ये रशियात पेर्मला बोइंग ७३७ कोसळून ८८ जण गेले. चौकशीत दोन मांडण्यांमधला हा फरकही पुढे आला. सिम्युलेटरवर डोळे मिटून बस, सरांना विमान कलवायला सांग. डोळे उघडताच योक (विमान वळवायचं चाक) कुठे वळवणार ते मोठ्याने बोल, मगच हात हलव.