सात वर्षांच्या खंडानंतर पुन्हा जीआरई (परदेशी विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा) द्यायची आहे. नोकरी सांभाळून तयारी कुठून सुरू करू?

तुम्ही विचारलंय की जुन्या नोट्स बाहेर काढू की क्लास लावू. माझ्या मते आत्ता दोन्ही नको. या आठवड्यातच, काहीही न वाचता, घड्याळ लावून एक पूर्ण सराव परीक्षा द्या. परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या पॉवरप्रेप या ऑनलाइन सराव संचात दोन परीक्षा फुकट मिळतात. एक आत्ता द्या, दुसरी शेवटच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवा.

असं सांगण्याचं कारण म्हणजे तुम्ही दिलेली परीक्षा आता राहिलेलीच नाही. सप्टेंबर २०२३ पासून ती जेमतेम दोन तासांची झाली आहे. आर्ग्युमेंटचा (दुसऱ्याचा युक्तिवाद तपासायचा) निबंध गेला, फक्त इश्यूचा (आपलं मत मांडायचा) उरला. व्हर्बलचे (इंग्रजीचे) २७ आणि क्वांटचे (गणिताचे) २७ प्रश्न, दोन्हींचे दोन-दोन भाग. मधली सुट्टीही नाही. प्रश्न कमी झाल्यामुळे एकेका चुकीची किंमत वाढली आहे. तुमचा जुना स्कोअरही पाच वर्षांनंतर चालत नाही, तेव्हा त्याच्याशी तुलना करत बसू नका.

मीही नोकरीत बरीच वर्षं काढल्यावर पुन्हा बसलो होतो. इंग्रजी वाचन कामामुळे चालूच होतं, त्यामुळे व्हर्बल फारसं मागे पडलं नव्हतं. गेला होता तो गणिताचा हात. सूत्रं आठवतात हो, पण सवय मोडलेली असते. उदाहरणार्थ, क्वांटिटेटिव्ह कम्पॅरिझनचा हा प्रश्न बघा: क्ष शून्यापेक्षा मोठा आहे, एका बाजूला क्षचा वर्ग, दुसऱ्या बाजूला क्ष, मोठं काय? खंडानंतर बसलेला माणूस २ घालतो, ३ घालतो आणि 'वर्ग मोठा' म्हणून पुढे जातो. अर्धा घालून बघा. वर्ग पाव होतो, म्हणजे लहान. १ घातला तर दोन्ही सारखे. उत्तर: ठरवता येत नाही. शून्य, एक, अपूर्णांक, ऋण संख्या, यातलं जे जे दिलेल्या अटीत बसेल ते घालून पाहायचं, ही सवय परत लागली की क्वांटचं निम्मं काम झालं.

त्यासाठी चुकांची एक वही करा. नुसतं बरोबर उत्तर उतरवू नका. आपण काय गृहीत धरलं होतं ते एका ओळीत लिहा. 'क्ष पूर्णांक आहे असं धरलं', बस एवढंच. थोड्याच दिवसांत तेच तेच गृहीतक पुन्हा दिसायला लागेल, आणि अभ्यास कशाचा करायचा ते वहीच सांगेल. क्लास लावायचा की नाही, हेही तेव्हा ठरवा.

नोकरी असल्यावर रोज सकाळचा एक तास खरा. रविवारचे सहा तास बहुतेक कागदावरच राहतात. शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करण्यापेक्षा रोज एक जड उतारा वाचा. निबंधाचा सराव स्पेलचेक बंद ठेवून करा, परीक्षेत तो नसतो.

तारीख मात्र विद्यापीठाच्या अंतिम मुदतीपासून उलटी मोजून घ्या. अधिकृत निकालाला आठ ते दहा दिवस लागतात, आणि पुन्हा बसावं लागलं तर मध्ये किमान २१ दिवस जावे लागतात. दोन्ही धरून मुदतीच्या दोन महिने आधीची तारीख घ्या.