रत्नागिरी दाखवायला निघालास तर

पहिल्यांदाच पाहुणे घेऊन फिरणार आहेस, म्हणून सांगतो. थिबा पॅलेसवर एक घोटाळा हमखास होतो. ब्रह्मदेशचा राजा थिबा जन्मभर याच वाड्यात राहिला, असं सगळे ठोकून देतात. इंग्रजांचा कैदी म्हणून तो रत्नागिरीत आला १८८६ ला, वाडा पुरा झाला १९१० ला आणि १९१६ मध्ये तो वारला. म्हणजे वाडा त्याला जेमतेम सहा वर्षं लाभला. त्याआधीची चोवीस वर्षं दुसऱ्या बंगल्यांत गेली. हे सांगितलंस की माणसं त्या जांभ्या दगडाकडे वेगळ्या नजरेनं बघतात. त्याची कबर शहरातच आहे, तीही दाखव. तिकडे फारसं कुणी नेत नाही.

टिळकांचं जन्मघर आणि भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं, १९३१ चं पतितपावन मंदिर सकाळीच उरक. रत्नदुर्ग मात्र संध्याकाळसाठी ठेव. तीन बाजूंना समुद्र, खाली मिरकरवाडा बंदर, परतणाऱ्या होड्या. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा होड्यांचं आश्वासन आधीच देऊ नकोस. मी दिलं होतं, आणि वर पाऊसही आला!