केशरी टीशर्टचा दिवस

प्रश्न: आम्ही ओंटारियोत नवीनच आलोय, मुलगी कॅथलिक हायस्कूलला नववीत. शाळेचा मेसेज आलाय, ३० सप्टेंबरला केशरी टीशर्ट घाला. हा चर्चचा सण आहे का? आम्ही हिंदू, पाठवायचं का?

उत्तर: अहो ताई, सण नाहीये, उलट दुखवट्याचा दिवस आहे. कॅनडात आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत कोंबायचे, साधारण दीड लाख मुलं, आणि त्यातल्या बऱ्याच शाळा कॅथलिक संस्थांनीच चालवल्या, म्हणून कॅथलिक शाळेत हा दिवस जरा जास्तच टोचतो (टोचायलाच हवा असं माझं मत). फिलिस वेबस्टॅड ही आदिवासी मुलगी सहा वर्षांची असताना १९७३ मध्ये आजीने घेतलेला नवा केशरी शर्ट घालून ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या अशाच एका मिशन शाळेत गेली, तर पहिल्याच दिवशी तो काढून घेतला, परत दिलाच नाही. त्यावरून २०१३ पासून हा दिवस सुरू झाला, २०२१ पासून केंद्र सरकारची सुट्टी पण आहे, ओंटारियोत शाळा मात्र चालूच. पोप फ्रान्सिस यांनी २०२२ मध्ये अल्बर्टा प्रांतात येऊन या शाळांबद्दल माफी मागितली.

तेव्हा बिनधास्त पाठवा, घरात असेल तो केशरी कुर्ता पण चालेल की. धर्माच्या तासाचं म्हणाल तर हायस्कूलला त्यातून सूट लेखी मागता येते. आणि ११ नोव्हेंबरला लाल पॉपीचं (खसखशीचं) फूल कपड्यांवर लावायला सांगतील, ते युद्धात मेलेल्या सैनिकांसाठी, तेव्हा परत गोंधळू नका हं!